‘शोध’ कोणी कोणाचा लावला?

आपल्या लोकांत जुन्या इतिहासाची गोष्ट निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : “अहो, तो काळच तसा होता!” स्पेनच्या दर्यावर्दींनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे जे केले त्याबद्दल कोणी हळहळ व्यक्त केली की लगेच हे वाक्य पुढे येते आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे येते : “ते लोक मागासलेले होते. पुढारलेल्यांपुढे मागासलेल्यांचे असेच व्हायचे.” मध्यंतरी एका स्नेहसंमेलनात एका सुशिक्षित गृहस्थांनी ही दोन्ही वाक्ये मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारली आणि त्यांना टाळ्याही पडल्या. त्या टाळ्या आम्हांस बोचल्या, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे म्हणणे असे की ही दोन्ही वाक्ये खोटी आहेत, आणि त्यांचा खोटेपणा सिद्ध करण्यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही. जपानकडे पाहावे. तेच स्पॅनिश लोक, तेच शतक, तोच राजा आणि तोच धर्म. पण किनाऱ्यावर उभी असलेली माणसे निराळी होती. ती निराळी निघाल्याबरोबर या पाहुण्यांचे वागणे कसे बदलले ते पाहिले, म्हणजे दोष काळाचा होता की माणसांचा हे आपोआप कळते.

प्रथम अमेरिकेचे थोडक्यात सांगू. १४९२ सालच्या ३१ मार्चला स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर घालविण्याचे फर्मान काढले आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला कोलंबसची जहाजे निघाली. एका हाताने आपल्या शेकडो वर्षांच्या शेजाऱ्यांना हाकलणारे राज्य दुसऱ्या हाताने नवे शेजारी ‘शोधत’ होते, हे आपण तरी विसरता कामा नये. पुढे १५१३ साली दरबारच्या कायदेपंडितांनी ‘रेकेरिमिएन्तो’ नावाचा एक जाहीरनामा तयार केला. किनाऱ्यावर उतरल्यावर तो तिथल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवायचा. पोपला आणि स्पेनच्या राजाला माना. न मानाल तर आम्ही तुमच्यावर युद्ध करू, तुम्हाला बायकामुलांसह गुलाम करू, आणि त्याचा दोष तुमच्याच माथी राहील, असा त्याचा मथितार्थ. आणि हे सारे वाचायचे स्पॅनिश भाषेत! ऐकणाऱ्यांना त्यातला एक शब्द कळत नसे. कधी कधी तर ऐकायला समोर कोणी नसतानाही तो वाचला जाई.

आता जपान पाहा. १५४३ साली पोर्तुगीज व्यापारी तानेगाशिमा बेटावर पोहोचले होते. त्यांच्यामागून १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा बंदरात तीन धर्मप्रचारक उतरले. तिघेही आजच्या स्पेनच्या भूमीत जन्मलेले : नवारचे फ्रान्सिस झेवियर, वॅलेन्सियाचे कोस्मे दे तोरेस आणि कोर्दोबाचे हुआन फर्नांदेझ. त्यांच्या सोबतीला आंजिरो नावाचा एक जपानी होता. तो १५४८ साली आपल्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात शिकून बाप्तिस्मा घेऊन आलेला. म्हणजे जपानचा दरवाजा उघडण्याआधी या लोकांना जपानी वाटाड्या लागला, आणि तो तयार झाला गोव्यात.

या तिघांनी कागोशिमाच्या किनाऱ्यावर रेकेरिमिएन्तो वाचला काय? मुळीच नाही. त्यांनी तिथल्या सरदाराची भेट घेऊन परवानगी मागितली. फर्नांदेझ रात्रंदिवस खपून जपानी भाषा शिकला. झेवियर यामागुचीच्या ओउची योशिताका या सरदारापुढे पहिल्या वेळी साध्या झग्यात गेले होते. तिथे साध्या कपड्यांचा मान नाही हे ध्यानात येताच १५५१ साली ते उंची वस्त्रे घालून, घड्याळ वगैरे नजराणा घेऊन पुन्हा गेले आणि नम्रपणे बोलले. जपानी लोक हे आजवर भेटलेल्या सर्व परक्या लोकांत उत्तम, असे त्यांनी पत्रात लिहून कळविले. वाचकहो, याच झेवियरनी त्याआधी तीन वर्षे, १५४६ साली, आंबोन बेटावरून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन आणावे अशी विनंती केली होती. कारण काय, तर तिथे पुष्कळ लोक मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे आणि मुसलमानी चालीने राहतात. एकच माणूस, तोच देवभोळेपणा, तेच दशक. जिथे पाठीशी राजाची तलवार होती तिथे त्याने तलवार मागितली. जिथे ती नव्हती तिथे त्याने भाषा शिकविणारा मागितला. मग ‘तो काळच तसा होता’ हे कुठे राहिले? काळ तर गोव्यातही तोच होता आणि कागोशिमातही तोच होता!

आमचे ख्रिस्ती शेजाऱ्यांशी काही भांडण नाही, हे इथेच स्पष्ट करतो. वसईपासून रेवदंड्यापर्यंत आपण त्यांच्या अंगणात खेळलो आहोत. आमचे भांडण सबबीशी आहे.

गोव्याचे आणि जपानचे आणखी एक उदाहरण आम्हा औषधपाण्याच्या धंद्यातल्या माणसांना विसरता येत नाही. गार्सिया द ओर्ता हे यहुदी घराण्यातले, बळजबरीने ख्रिस्ती झालेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेले वैद्य. हिंदुस्थानच्या औषधी वनस्पतींवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबई बेट एके काळी त्यांच्याकडे खंडाने होते. ते १५६८ साली वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने जिवंत जाळले, आणि १५८० साली खुद्द ओर्तांची हाडे थडग्यातून उकरून जाळली. त्याच काळात, इतिहासकार ज्याला अशाच ‘नव्या ख्रिस्ती’ घराण्यातला मानतात तो लिस्बनचा शस्त्रवैद्य लुईस दे आल्मेइदा जपानात फुनाई गावी होता. त्या गावाला आज ओइता म्हणतात. १५५५ साली त्याने टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठी घर काढले, आणि १५५७ साली तिथल्या ओतोमो सरदाराच्या आश्रयाने इस्पितळ उघडले. जखमी लोकांसाठी एक भाग आणि महारोग्यांसाठी वेगळा भाग. जपानात पाश्चात्त्य पद्धतीचे ते पहिले इस्पितळ. आजही ओइता शहरात त्याच्या नावाचे इस्पितळ आहे. एकाच रक्ताचे दोन वैद्य. गोव्यात एकाची हाडे जाळली गेली, जपानात दुसऱ्याचे नाव राहिले.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळू : “मागासलेले होते म्हणून मेले.” आमचा उभा जन्म वॉर्डात गेला, तेव्हा याचे उत्तर वॉर्डातलेच देतो. आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण आहे. आमच्या मुलांच्या दंडावर तो नाही, कारण १९८० साली देवीचा रोग जगातून गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. या रोगाची रीत अशी की ज्याला तो एकदा होऊन गेला त्याला सहसा पुन्हा होत नाही. ज्या देशात तो जुना आहे तिथे तो लहान मुलांचा रोग होतो, कारण मोठी माणसे त्यातून पार पडलेली असतात. ती आजारी मुलाच्या उशाशी बसू शकतात. पण ज्या देशात तो पूर्वी कधी आलाच नाही, तिथे आजा, बाप, आई, मूल सगळे एकाच आठवड्यात अंथरुणावर पडतात. चूल पेटवायला आणि तोंडात पाण्याचा घोट घालायला माणूस उरत नाही. ज्यांनी साथीच्या दिवसांत ड्यूटी केली आहे त्यांना ठाऊक आहे की अशा वेळी कित्येक जण नुसत्या शुश्रूषेवाचून जातात. १५२० साली मेक्सिकोत हेच झाले. स्पॅनिश लोकांबरोबर देवी उतरली आणि अझ्टेकांची राजधानी पडण्यापूर्वीच घराघरांतून प्रेते पडली.

जपानात देवीची भयंकर साथ ७३५ ते ७३७ या वर्षांत येऊन गेली होती. लोकसंख्येचा चौथा हिस्सा, कदाचित त्याहूनही जास्त, तिने नेला. त्यानंतर ती वरचेवर येत राहिली. त्यामुळे स्पॅनिश जहाजे आली तेव्हा जपानी माणसाच्या अंगात रोगाला तोंड देण्याची शक्ती होती. ती काही त्याच्या हुशारीची कमाई नव्हती. त्याच्या पूर्वजांनी आठशे वर्षांपूर्वी तिची किंमत मोजली होती, इतकेच. मेक्सिकोच्या माणसाला ती किंमत स्पॅनिश लोकांच्या देखत मोजावी लागली. यात पुढारलेले कोण आणि मागासलेले कोण? रोग्याला रोगावरून हिणवणाऱ्या नर्सला आम्ही वॉर्डात उभे करणार नाही. मग इतिहासात तसे करणाऱ्याला टाळ्या का द्याव्या?

देवीशिवाय दुसरी गोष्ट बंदुकीची. तानेगाशिमात पोर्तुगीजांकडून दोन बंदुका विकत घेतल्यावर तिथल्या लोहारांनी त्या उघडून पाहिल्या आणि थोड्याच वर्षांत जपानात हजारोंनी बंदुका तयार होऊ लागल्या. देशात शंभर वर्षे यादवी चाललेली, त्यामुळे लढवय्यांची वाण नव्हती. तेव्हा जेझुइटांचे प्रमुख असलेले इटालियन धर्मगुरू वालिन्यानो यांनी १५८२ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरला कळविले की जपान हा परक्यांनी जिंकण्याजोगा देश नव्हे; लोक शूर, शस्त्रे वापरण्यात सदैव गढलेले, आणि जमीन तर नापीक. वाचकहो, यात ‘जिंकणे पाप आहे’ असे म्हटलेले नाही. ‘जमणार नाही’ असे म्हटले आहे. चार वर्षांनी, १५८६ साली, मनिलातल्या स्पॅनिश मंडळींनी चीन जिंकण्याचा बेत लिहून स्पेनला धाडला, आणि त्यात जपानी शिपायांची मदत घ्यायचे ठरविले! सभ्यता कुठून येत होती ते यावरून दिसते. ती बंदुकीच्या नळीतून येत होती. जपानातही जो दुबळा होता त्याला ती सभ्यता मिळाली नाही. गोरगरीब जपानी माणसे गुलाम म्हणून विकत घेऊन परदेशी नेली जात, आणि तुम्ही हे का करता असा जाब हिदेयोशीने १५८७ साली जेझुइटांना विचारला.

आता ‘रानटी’ आणि ‘सुधारलेले’ यांची कसोटी लागली असा एक प्रसंग सांगतो. ३० सप्टेंबर १६०९ रोजी ‘सान फ्रान्सिस्को’ हे मनिलाहून मेक्सिकोला निघालेले गलबत वादळात सापडून जपानच्या पूर्व किनाऱ्यावर फुटले. त्यावर फिलिपिन्सचे माजी हंगामी गव्हर्नर रोद्रिगो दे विवेरो होते. सुमारे पावणेचारशे माणसांपैकी छप्पन्न बुडाली. तीनशे सतरा वाचली. ती वाचली ती आजच्या ओन्जुकु गावच्या कोळ्यांमुळे. गाव लहान, घरे गरिबांची. तिथल्या पाणबुड्या बायका समुद्रात बुडी मारून शंखशिंपले काढत. भिजून गारठलेल्या खलाशांना या बायकांनी आपल्या अंगाची ऊब देऊन जगविले, असे त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गारठलेल्या माणसाला एकदम शेकोटीपाशी न नेता हळूहळू ऊब द्यावी हे आम्हांस नर्सिंगच्या वर्गात शिकविले गेले. त्या बायकांना ते कोणी शिकविले होते? गावाने आपल्यातले तांदूळ आणि कपडे त्या परक्यांना वाटून दिले. १९२८ साली तिथे एक स्मारकस्तंभ उभारला गेला.

याचे आभार मानायला १६११ साली सेबास्तियान विस्काइनो हा स्पॅनिश वकील आला. त्याने शोगुनच्या दरबारात जपानी रीतीने बसण्याचे नाकारले. त्याच्या खिशात दुसराही हुकूम होता. जपानच्या आसपास सोन्याचांदीची बेटे आहेत अशी स्पॅनिश लोकांत वदंता होती. ती बेटे त्याला शोधायची होती. ती मिळाली नाहीत, कारण ती नव्हतीच. पण किनारे मोजत फिरताना २ डिसेंबर १६११ रोजी ओकिराई गावापाशी जे घडले ते त्याच्याच वृत्तांतात आहे. गावातले बायकापुरुष घरे सोडून डोंगराकडे पळत सुटले. स्पॅनिश मंडळींना वाटले की हे आपल्यालाच भिऊन पळत आहेत. म्हणून ती त्यांना थांबण्यासाठी हाका मारू लागली. इतक्यात समुद्र उठला! भूकंपानंतरची मोठी लाट येत होती, आणि गावकऱ्यांना ती येणार हे ठाऊक होते. हा सगळा ‘शोध’ या एका प्रसंगात सामावला आहे, असे आम्हांस वाटते. पाहुण्याला वाटते की जे काही चालले आहे ते माझ्यामुळे. तिथल्या माणसाला आपला समुद्र ठाऊक असतो.

आणि शोधायचेच म्हटले तर जपान्यांनी काय कमी शोधले? १६१३ साली दाते मासामुने या सरदाराने जपानातच बांधलेल्या जहाजावर हासेकुरा त्सुनेनागा याला मेक्सिकोमार्गे स्पेनला पाठविले. तो १६१५ साली स्पेनच्या राजाला आणि रोमला पोपला भेटला, आणि १६२० साली परत आला. त्याच्या बरोबरच्या लोकांपैकी काही जण सेव्हिलजवळच्या कोरिया देल रिओ गावी राहिले असे मानतात. त्या गावात आजही ‘हापोन’, म्हणजे जपान, अशा आडनावाची शेकडो माणसे आहेत. हासेकुराने स्पेनचा ‘शोध लावला’ असे कोणत्या शाळेत शिकवितात? जपानी लोक तर या गोऱ्या पाहुण्यांना ‘नाम्बान’, म्हणजे दक्षिणेकडचे रानटी, म्हणत. त्यांच्या हिशेबी आदिवासी कोण होते ते बघा!

इथपर्यंत वाचून काही वाचक म्हणतील, मग जपानने यांना हाकलून चांगला धडा शिकविला. सावकाश! आम्ही त्या टाळ्यांतही सामील होणार नाही. १५९६ साली ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्याला लागले. आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवितो आणि मागून फौज, अशी फुशारकी त्याच्या सुकाणूवाल्याने मारली असे सांगतात. खरेखोटे यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन यांनी एकमेकांवर पुष्कळ चिखल उडविला. फळ कोणी भोगले? ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत वीस जपानी होते, आणि तीन तर बारा ते चौदा वर्षांची पोरे. क्योतोच्या इस्पितळात महारोग्यांची सेवा करणारा होता, वैद्य होता, स्वयंपाकी होता. आणि सव्वीसांतला एक आपल्या वसईचा : गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. जपानात व्यापार केल्याने त्याला भाषा उत्तम येई, म्हणून १५९३ साली मनिलाहून आलेल्या स्पॅनिश वकिलातीचा तो दुभाषा झाला. स्पेनच्या राजाचे शब्द जपानी कानांत घालणारा माणूस कोकणातला होता, आणि त्या शब्दांची किंमतही त्यानेच दिली. १८६२ साली पोपने त्याला संत ठरविले.

ज्या हिदेयोशीने हे केले त्याचीच फौज त्याच साली कोरियात होती. तिथल्या माणसांची कापलेली नाके पिंपांतून क्योतोला आणून पुरली. तो ढिगारा आजही आहे. म्हणजे बंदुकीने जपानला स्पेनपासून वाचविले, पण कोरियाला जपानपासून कोण वाचविणार? पुढे १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, १६२४ साली स्पॅनिश लोकांना जपानचा दरवाजा बंद झाला, आणि मागे राहिलेल्या गरीब कोळ्याशेतकऱ्यांनी सुमारे अडीचशे वर्षे धर्मगुरूवाचून, घराचे दार लावून आपली प्रार्थना जपली. १८६५ साली नागासाकीत ते उघड झाले. त्यांनाही तुरुंग आणि हद्दपारी चुकली नाही. १८७३ साली बंदीचे फलक उतरले. पुस्तकाविना, पुरोहिताविना धर्म जपणे म्हणजे काय हे ‘शनवार तेल्यां’च्या वंशजांना कोणी समजावून सांगायला नको.

राहता राहिले ‘काळा’चे. १५११ साली, म्हणजे रेकेरिमिएन्तोच्याही आधी, हिस्पानिओला बेटावरच्या देवळात अंतोनियो दे मोन्तेसिनोस या स्पॅनिश धर्मगुरूने आपल्याच माणसांना भर उपासनेत विचारले होते की ही माणसे नव्हेत काय. बार्तोलोमे दे लास कासास यांनी उभे आयुष्य हाच प्रश्न लावून धरला. तोच काळ, तेच स्पेन, आणि तरीही त्यांना दिसले! ज्यांना दिसले नाही त्यांना पाहायचे नव्हते, आणि न पाहण्यात फायदा होता.

तेव्हा आमची वाचकांना एवढीच विनंती आहे की घरात नातवंडांशी बोलताना ‘शोध लावला’ हा शब्द टाकून द्यावा. नावगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असे आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो. त्यांनी कोकणाचा शोध लावला असे आपल्यापैकी कोणी आजवर म्हटले आहे काय? आपण म्हणतो, ते किनाऱ्याला लागले आणि कोकणच्या माणसांनी त्यांना थारा दिला. ओन्जुकुच्या कोळणींनी विवेरोच्या खलाशांना दिला तसाच. परक्या किनाऱ्यावर पाऊल ठेवणाऱ्याविषयी बोलायची ही खरी भाषा आपल्या घरात आधीपासून आहे. ती कोलंबसाला लावावी, विस्काइनोला लावावी, आणि ज्याला ती लागू पडत नाही त्याला काय म्हणायचे ते मुलांना स्पष्ट सांगावे.